एसटीपीतून सुटलेलं पाणी पालेभाजीला द्यावं का?

गोदाकाठ (छत्रपती संभाजीनगर)
मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. सांडपाणी प्रक्रिया केंद्राचा (एसटीपीचा) विषय निघाला की आपल्याकडं दोनच आकडे सांगितले जातात: रोज किती दशलक्ष लिटर पाण्यावर प्रक्रिया झाली आणि बीओडी, म्हणजे पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप, किती खाली आला. पाणी निवळ दिसतं, वास कमी येतो, लोक समाधानी होतात. त्यात जिवाणू किती उरले हे कुणी विचारत नाही, आणि जुलाब, विषमज्वर होतो तो त्यांच्यामुळंच.

हिशेब बघा. कच्च्या मैलापाण्यात दर १०० मिलिलिटरला विष्ठेतले कोलिफॉर्म जिवाणू (मैल्यातले जंतू किती उरले ते यांच्या संख्येवरून ताडतात) साधारण १० लाख ते १० कोटी असतात. हवा देऊन, गाळ बसवून त्यातले ९० ते ९९ टक्के जातात. एक कोटीतले ९९ टक्के गेले तरी मागं एक लाख राहतात. केंद्र सरकारच्या २०१७ च्या अधिसूचनेत मर्यादा १,००० ची आहे, आणि राष्ट्रीय हरित लवादानं २०१९ मध्ये ती २३० पर्यंत आणायला सांगितलं. एक लाखावरून तिथवर यायचं ते क्लोरीननं किंवा अतिनील किरणांनी, म्हणजे शेवटच्या पायरीवर. पैसे कमी पडले की नेमकी हीच पायरी आधी बंद पडते, कारण ती बंद असली तरी पाणी तसंच निवळ दिसतं.

कोकणात असं पाणी खाडीला जाऊन मिळतं. आपल्याकडं ते नाल्यात, नदीत येतं आणि त्यावर मोटरी लागतात. मेथी, कोथिंबीर, मुळा त्यावरच पिकतो. म्हणून माझी मागणी आहे की कोलिफॉर्मचा अहवाल दर आठवड्याला केंद्राच्या फाटकावर लावावा, आणि तो लागेपर्यंत कच्ची खाल्ली जाणारी भाजी या पाण्यावर घेऊ नये.

काळं रान
मॅडम, माझं रान नाल्याच्या काठालाच आहे. एप्रिल-मेमध्ये विहिरीला तळ दिसतो, बोअर हवा फेकतो, तवा वाहतं पाणी हे एकच. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं, ते प्यायला. रानाला रेल्वे कोण आणणार?

केंद्र व्हायच्या आधी नाल्यात नुसता मैला वाहायचा. आमच्या वडिलांनी त्यावर भाजी केली, तवा कुणी काही बोललं नाही. आता जरा बरं पाणी आलं तर म्हणता पीक घेऊ नका. अन् एकदा का "गटाराची भाजी" अशी बातमी आली की विहिरीवर पिकवणाऱ्याच्या जुडीलाही मंडईत कुणी हात लावत नाही. घाण शहराची, ती साफ करायची जबाबदारी शहराची, अन् नुकसान मात्र आमचं. फाटकावर आकडा लावा, माझी ना नाही. पण पीक बंद करा म्हणायच्या आधी दुसरं पाणी कुठून देता ते सांगा.

सिस्टर परभणीकर
दादा, तुमची अडचण कळते, तरीही मी बंदीच्या बाजूनं आहे, आणि ती सगळ्याच पालेभाजीवर हवी. पावसाळ्यात सलाईन लावलेली लेकरं मी बघते. आता भीती साध्या जुलाबाची राहिली नाही. २०११ मध्ये दिल्लीच्या साचलेल्या पाण्यात आणि काही नळांच्या पाण्यातही एनडीएम-१ जनुक असलेले जिवाणू सापडले होते. कार्बापेनेमसारखी दवाखान्यात राखून ठेवलेली औषधंही त्यांच्यावर चालत नाहीत. दवाखाने, घरं, सगळ्यांचं सांडपाणी केंद्राच्या टाकीत एकत्र येतं, आणि तिथं जिवाणू अशी जनुकं एकमेकांना देतात. शिवाय खुरपणीला अनवाणी बसणाऱ्या बाया कुणाच्याच हिशेबात नाहीत. अंकुशकृमी पायाच्या कातडीतून आत शिरतो, त्याला भाजी खावी लागत नाही.

शिफ्ट ऑपरेटर
मी अशाच एका केंद्रावर काम करतो, कुठल्या ते सांगत नाही. गोदाकाठ मॅडमच्या मागणीत मोठी अडचण आहे. कोलिफॉर्मची तपासणी पूर्ण व्हायला दोन ते चार दिवस लागतात. सोमवारच्या पाण्याचा आकडा गुरुवारी लागणार, तोवर सोमवारचं पाणी वाफ्यात मुरलेलं असतं. शेतकऱ्याच्या उपयोगाचं आहे ते शिल्लक क्लोरीनचं रीडिंग. अर्ध्या तासाच्या संपर्कानंतर किती उरला ते काही मिनिटांत कळतं.

आणि क्लोरीन वाढवा म्हणणंही सोपं नाही. पाण्यात अमोनिया राहिला की क्लोरीन त्यातच खपतो. सेंद्रिय घाण राहिली की ट्रायहॅलोमिथेनसारखे घातक पदार्थ तयार होतात. जंतांच्या अंड्यांना तर तो जवळपास काहीच करत नाही. अतिनील दिवे गढूळ पाण्यात निकामी. मला विचाराल तर मराठवाड्याला तळीच बरी. पाणी उथळ तळ्यांत काही आठवडे थांबलं की अंडी तळाला बसतात आणि उन्हानं जिवाणू मरतात, वीज लागत नाही. जागा मात्र भरपूर लागते आणि उन्हाळ्यात बरंच पाणी वाफ होऊन जातं. पाण्याची वाफ होऊ देणं इथं कुणाला परवडेल हा प्रश्न आहेच.

गोदाकाठ
रीडिंगचा मुद्दा महत्त्वाचा आहे. मग दोन्ही लावा: क्लोरीन रोज, कोलिफॉर्म आठवड्याला. एकानं आजचं पाणी कळेल, दुसऱ्यानं केंद्र महिनाभर कसं चाललं ते.

सिस्टर, बंदी घातली तरी मोटरी रात्री चालतील. जागतिक आरोग्य संघटनेनं २००६ च्या मार्गदर्शनात सगळा भार एकट्या केंद्रावर टाकलेला नाही. ठिबकनं पाणी दिलं, काढणीआधी पाणी तोडलं, भाजी नीट धुतली, शिजवली, की प्रत्येक टप्प्यावर जंतू घटतात. कडक उन्हात पाणी तोडल्याच्या एका दिवसात ते दहा ते शंभर पटींनी कमी होऊ शकतात. पण मग जुड्या ताज्या दिसाव्यात म्हणून त्याच नाल्यात बुचकळून बाजारात नेल्या तर उन्हानं केलेलं सगळं काम वाया जातं. हे बुचकळणं आधी थांबलं पाहिजे.

सिस्टर परभणीकर
शिजवून खा म्हणून मीही सांगते. पोह्यावरची कोथिंबीर कुणी शिजवत नाही. कोथिंबीर, मुळा, काकडी यांवर तरी बंदी हवीच.

काळं रान
मेथी वाफ्यात फेकून पेरतात, तिला ठिबक कसं बसवणार? अन् या पाण्यानं ठिबक चोंदतं, वाळूचा फिल्टर लावावा लागतो, त्याचा खर्च वेगळा. पाणी तीन दिवस आधी तोडलं तर मेमध्ये जुडी मरगळते, भाव निम्म्यावर येतो. एक दिवस तोडू शकतो. जुड्या धुवायला बोअरच्या पाण्याची टाकी भरून ठेवू, ते जमण्यासारखं आहे, शेजाऱ्यांनाही सांगतो. पण ज्या दिवशी क्लोरीन नसेल त्या दिवशी मोटर चालू करू नका, एवढा एक फोन आम्हाला कोण करणार?

शिफ्ट ऑपरेटर
रीडिंग दर शिफ्टला वहीत लिहिलेलं असतं. ते बाहेर सांगायची परवानगी मला नाही. ग्रामपंचायतीचा ठराव करून वरच्या साहेबांकडं लेखी मागणी करा, एक प्रत प्रदूषण नियंत्रण मंडळाला द्या. वरून आदेश आला तर फळ्यावर आकडा लिहायला मला पाच मिनिटंही लागणार नाहीत.