‘ट्यूजडेज गॉन’: मेटॅलिकाने गाणे जपले की पातळ केले?

धागाकर्ता

हेवी मेटल बँडने जुने गाणे हाती घेतले की ते दुप्पट वेगाने आणि चौपट आवाजात वाजणार, असे आपण धरूनच चालतो. मेटॅलिकाने १९९८ च्या ‘गॅरेज इंक.’ या दुहेरी अल्बममध्ये लिनर्ड स्किनर्ड या बँडचे ‘ट्यूजडेज गॉन’ घेतले तेव्हा याच्या नेमके उलट केले, आणि माझ्या मते त्या अल्बममधील सर्वांत मोलाचे काम तेच आहे.

मूळ गाणे जॅक्सनव्हिल, फ्लोरिडाच्या या साउदर्न रॉक बँडच्या १९७३ मधील पहिल्याच अल्बमवरचे आहे. बँडचा गिटारवादक ॲलन कॉलिन्स आणि गायक रॉनी व्हॅन झँट यांनी लिहिलेले हे संथ गाणे एका स्त्रीला मागे टाकून रेल्वेने निघालेल्या माणसाचे आहे आणि ते साडेसात मिनिटे चालते. मेटॅलिकाने ते डिसेंबर १९९७ मध्ये सॅन होजेच्या केएसजेओ रेडिओ केंद्रावर पाहुण्या वादकांना सोबत घेऊन थेट सादर केले आणि तेच ध्वनिमुद्रण पुढे अल्बमवर घेतले. ज्यांची ओळखच मोठ्या आवाजावर उभी आहे त्यांनी अकूस्टिक (विजेविना वाजणाऱ्या) गिटारी घेऊन बसावे आणि त्यांच्या गायकाने, जेम्स हेटफिल्डने, आरोळी न ठोकता गावे, यात मला गाण्याविषयीचा खरा आदर दिसतो.

प्रतिसाद १

मी सहमत नाही. आदर आहे, हे मान्य. पण आदराने गाणे उभे राहत नाही.

मूळ ध्वनिमुद्रणात निर्माता अल कूपर याने मेलोट्रॉन वाजवला आहे. या वाद्यात प्रत्येक पट्टीखाली आधी मुद्रित केलेल्या सुराची फीत असते; पट्टी दाबून धरली की ती फीत सरकू लागते आणि साधारण आठ सेकंदांत संपते. त्यामुळे त्यातली व्हायोलिने खऱ्या व्हायोलिनांसारखी वाटतही नाहीत आणि परकीही वाटत नाहीत. दूर गेलेल्या माणसाची आठवण जशी धूसर असते, तशी ती धूसर ऐकू येतात. त्यांच्यावर बिली पॉवेलचा पियानो येतो, तेव्हा कुठे तो निघून जाण्याचा एकटेपणा पुरा होतो. मेटॅलिकाच्या आवृत्तीत मेलोट्रॉनही नाही आणि पियानोही नाही. उरते ती मित्रमंडळींची बैठक. एकट्या माणसाचे गाणे इतक्या जणांनी मिळून म्हटले, तर त्यातला एकटा माणूस कुठे राहिला?

त्याच अल्बमवरचे ‘टर्न द पेज’ ऐका. बॉब सीगरच्या मूळ गाण्यातील सॅक्सोफोनची धून मेटॅलिकाचा गिटारवादक कर्क हॅमेट याने स्लाइड गिटारवर (तारांवर नळी सरकवून) घेतली आणि गाणे मेटॅलिकाचे झाले. मेटल बँडने दुसऱ्याचे गाणे घ्यावे ते असे, स्वतःचा धर्म न सोडता.

प्रतिसाद २

मी गिटार वाजवतो, म्हणून थोडे वेगळ्या बाजूने लिहितो. या गाण्याचे मुख्य कॉर्ड (एकत्र वाजवायचे स्वरसमूह) ए, ई, एफ शार्प मायनर आणि डी असे आहेत; शिकायला लागून वर्ष झालेला मुलगाही ते धरू शकतो. अवघड आहे ती लय. एका कॉर्डवरून दुसऱ्यावर जाताना मधली जागा रिकामी सोडावी लागते आणि हात आपोआप घाई करू लागतो. घरी अकूस्टिकवर हे गाणे धरले की दुसऱ्या कडव्यापर्यंत माझा वेग हमखास वाढलेला असतो. आयुष्यभर वेगवान रिफ (पुन्हा पुन्हा येणारे गिटारचे छोटे तुकडे) वाजवलेले हात त्या रिकाम्या जागा तशाच राखतात, ही मला साधी गोष्ट वाटत नाही. प्रतिसाद १ यांना जो धर्म सोडल्यासारखा वाटतो, तो मला संयम वाटतो.

प्रतिसाद १ यांचे उत्तर

संयम हा वादकाचा गुण झाला. ऐकणाऱ्याला त्यातून नवे काय मिळाले, हा माझा प्रश्न कायम आहे. मुळापेक्षा दीड मिनिट लांबवलेले गाणे मुळापेक्षा काही जास्त सांगत नसेल, तर मी मूळच लावीन.

धागाकर्ता

नवे काय मिळाले, याचे उत्तर माझ्या मते त्या बैठकीत कोण होते यात आहे. पियानो नाही हे खरे, परंतु जॉन पॉपरचा हार्मोनिका आहे आणि लेस क्लेपूलचा बँजो आहे. पियानोने गाणे दिवाणखान्यात नेले होते, ही दोन वाद्ये ते पुन्हा अंगणात आणतात. आणि त्या गिटारींपैकी एक गॅरी रॉसिंग्टनची आहे, जो मूळ बँडचा संस्थापक गिटारवादक होता. २० ऑक्टोबर १९७७ रोजी मिसिसिपीत स्किनर्डचे विमान कोसळून व्हॅन झँट, स्टीव्ह गेन्स आणि कॅसी गेन्स यांच्यासह सहा जण गेले. रॉसिंग्टन गंभीर जखमी होऊन वाचला. त्यानंतर वीस वर्षे उलटल्यावर तो या मंडळींमध्ये बसून तेच गाणे वाजवत होता, आणि व्हॅन झँटच्या ओळी हेटफिल्ड गात होता.

ध्वनिमुद्रणात याची घोषणा कुठेही नाही, त्यामुळे हे ‘ऐकू येत नाही’ असे आपण म्हणू शकता. मला मात्र हार्मोनिका थांबून गिटारी पुन्हा संथ चालू लागतात तेव्हा ते ऐकू येते, आणि आपण ज्याला गर्दी म्हणता ती मला त्या एका माणसाभोवती बसलेली मंडळी वाटते.

प्रतिसाद १ यांचे उत्तर

रॉसिंग्टनविषयीचे आपले म्हणणे मला पटले आणि त्या नजरेने मी ते पुन्हा ऐकीन. मेलोट्रॉनविषयीचे माझे म्हणणे मात्र मी मागे घेत नाही.