मदत हवी आहे: कामाचे कपडे आणि काउबॉय बूट विकणाऱ्या गावातल्या दुकानाने गिऱ्हाईक कसे टिकवावे?

धागाकर्ता: माळावरचा_हिशेबनीस

नमस्कार मंडळी.

मी पश्चिम टेक्सासमध्ये, पर्मियन या तेलाच्या खोऱ्यातल्या एका लहान गावात राहतो. येथे कामाचे कपडे आणि वेस्टर्न कपडे एकाच छपराखाली विकणारे एक जुने दुकान आहे, आणि त्याचे हिशेब बरीच वर्षे माझ्याकडे असल्यामुळे, आता निवृत्त होऊ इच्छिणाऱ्या मालकांनी ते मी विकत घ्यावे असे सुचवले आहे. दुकानाच्या एका बाजूला तेलविहिरींवर काम करणाऱ्यांसाठी आगरोधक शर्ट, बोटांवर पोलादी कवच असलेले स्टील-टो बूट आणि जाड कापडाची जॅकेटे असतात. दुसऱ्या बाजूला गुरे पाळणाऱ्या कुटुंबांसाठी काउबॉय बूट, फेल्ट आणि गवती हॅट, स्नॅपचे शर्ट आणि जीन्स.

हिशेबाच्या वह्यांवरून एवढे स्पष्ट दिसते की विक्रीचा मोठा भाग त्याच त्या घरांकडून येतो. वडील, मुलगा आणि आता नातू असा हा क्रम आहे. मात्र ही निष्ठा दुकानावर आहे की मालकांच्या व्यक्तित्वावर, हे वह्या सांगत नाहीत. शिवाय मालही असाधारण नाही. 1889 साली डेट्रॉईटमध्ये सुरू झालेल्या कारहार्टचे जॅकेट किंवा रँग्लरची जीन्स आज कोणालाही घरबसल्या मागवता येते. बूट बार्न ही 1978 साली कॅलिफोर्नियातील हंटिंग्टन बीच येथे सुरू झालेली साखळी आता 400 हून अधिक दुकानांची झाली आहे, आणि टेक्सासमधली कॅव्हेंडर्स तर 1965 पासून आहे. त्यांच्याइतकी घाऊक सवलत आम्हाला मिळणार नाही.

एका विक्रेत्याने मला गुणांचे कार्ड (प्रत्येक खरेदीवर गुण जमा होऊन पुढे सूट मिळते ते) आणि त्याची संगणकप्रणाली घेण्याचा आग्रह केला आहे. अशा कार्डाने या धंद्यात गिऱ्हाईक खरोखर बांधले जाते का, की पैसे दुसरीकडे लावावेत? ज्यांनी बूट, कामाचे कपडे किंवा तत्सम माल विकला आहे, अथवा जे असा माल नेमाने विकत घेतात, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद: शिरस्त्राण

मी गल्फ किनाऱ्यावरील एका रासायनिक कारखान्यात सुरक्षा विभागात काम करतो, त्यामुळे कामगारांच्या बाजूने सांगू शकेन.

प्रथम कायदा समजून घ्या, कारण तुमचा निम्मा धंदा त्याच्यावर चालतो. अमेरिकेच्या ओशा या कामगार-सुरक्षा यंत्रणेने 2007 साली केलेल्या नियमानुसार बहुतेक संरक्षक साधनांचा खर्च कामगाराला नोकरी देणाऱ्या कंपनीने करायचा असतो. परंतु साध्या स्टील-टो बुटांचा अपवाद केलेला आहे, अट एवढीच की ते बूट कामगाराला कामाच्या जागेबाहेरही वापरता आले पाहिजेत. म्हणून अनेक कंपन्या स्वतः बूट खरेदी न करता कामगाराला ठरावीक रकमेचे व्हाउचर देतात, वरची रक्कम तो खिशातून घालतो आणि दुकान कोणते हे बहुधा तोच ठरवतो. ज्या दुकानात व्हाउचरचा कागद गिऱ्हाइकाला भरावा लागत नाही आणि बिल परस्पर कंपनीकडे जाते, तिथे तो पुढच्या वर्षी आपोआप येतो.

दुसरी गोष्ट माहितीची. बुटाच्या आतल्या लेबलवर एएसटीएम एफ2413 या मानकाचा उल्लेख असतो आणि पुढे अक्षरे असतात. ईएच म्हणजे विजेच्या धोक्यापासून संरक्षण, पीआर म्हणजे तळव्यातून खिळा आरपार जाण्यापासून संरक्षण. कपड्यांतही फरक आहे. तेलक्षेत्रातील अचानक भडक्यासाठी एनएफपीए 2112 मानकाचा कपडा लागतो, तर विजेच्या कामावरचा माणूस एनएफपीए 70ई च्या भाषेत बोलतो. कोणत्या कंपनीच्या फाटकावर काय चालते याची वही दुकानात असेल, तर नवा कामगार पहिल्याच दिवशी चुकीचा शर्ट घालून परत पाठवला जात नाही, आणि ही गोष्ट तो आपल्या सगळ्या गटाला सांगतो. आगरोधक कपडा ब्लीचमध्ये धुऊ नये आणि त्याला सॉफ्टनर लावू नये, हे विकतानाच सांगणारा विक्रेता तर क्वचितच भेटतो.

दुकानाची वेळही तपासा. बारा तासांच्या पाळीवरून सुटणारा माणूस संध्याकाळी सहाला बंद होणाऱ्या दुकानात कधीच पोहोचत नाही.

प्रतिसाद: चवडा_आणि_टाच

मी अनेक वर्षे बुटांच्या दुकानात मापे घेतली आहेत, म्हणून माझे मत एकांगी वाटले तर समजून घ्यावे: या धंद्यात निष्ठा पायाच्या मापातून सुरू होते, आणि बाकी सर्व गोष्टी तिच्या मागून येतात.

बहुतेक माणसे स्वतःचे माप चुकीचे सांगतात. ती पायाची एकूण लांबी सांगतात. परंतु बूट जिथे दुमडतो ती जागा चवड्याच्या रुंद भागाखाली नेमकी आली नाही, तर लांबी बरोबर असूनही बूट त्रास देतो. ब्रॅनॉक हे मापयंत्र सिरॅक्यूज येथे 1920च्या दशकात तयार झाले आणि ते टाचेपासून अंगठ्याच्या टोकापर्यंत, टाचेपासून चवड्यापर्यंत आणि रुंदी अशी तिन्ही मापे देते. ते काउंटरखाली धूळ खात ठेवू नका. दोन्ही पाय मोजा, गिऱ्हाइकाला उभे करून मोजा आणि शक्यतो दुपारनंतर मोजा, कारण दिवसभरात पाय सुजतो.

काउबॉय बुटाला नाडी नसते, त्यामुळे त्याला पायावर धरून ठेवण्याचे काम पावलाच्या वरचा उंचवटा करतो. तिथे बूट घट्ट पण न दुखणारा बसला पाहिजे. नवीन बुटात टाच थोडी वर सरकते, आणि तळवा वाकायला लागला की ते सरकणे कमी होते. हे आधी समजावले नाही, तर गिऱ्हाईक भीतीने एक माप लहान घेतो, महिनाभर पाय सोलून घेतो आणि नंतर तुमच्या दुकानाला दोष देतो. आणि खरे सांगायचे तर त्याचे बरोबरच असते.

आता मालाविषयी. नवे मालक हमखास वीस प्रकारचे नक्षीकाम केलेले बूट मांडतात आणि प्रत्येकाची मधली रुंदी तेवढी ठेवतात. त्याऐवजी सहा प्रकार ठेवा, पण रुंद म्हणजे डबल-ई आणि अरुंद अशा दोन्ही रुंदीत ठेवा. रुंद पायाचा मजूर आयुष्यभर चुकीच्या बुटात फिरलेला असतो. त्याला एकदा बरोबर माप सापडले की तो दुसऱ्या दुकानाची पायरी चढत नाही. ऑनलाइन विक्रेत्याशी किमतीत झगडण्याचा प्रश्न त्यामानाने लहान आहे, कारण बरेच उत्पादक जाहिरातीत दाखवता येईल अशी किमान किंमत स्वतःच ठरवून देतात. लोकांच्या मनातली तफावत बहुधा प्रत्यक्षातल्या तफावतीपेक्षा मोठी असते.

विक्रीनंतरचे काम हा दुसरा आधार. वेल्ट (वरचा भाग आणि तळवा जोडणारी कडेची पट्टी) शिवलेल्या बुटाचा तळवा बदलता येतो, नुसत्या चिकटवलेल्या तळव्याचा सहसा फायदेशीरपणे बदलता येत नाही. हा फरक विकतानाच सांगा आणि तळवा बदलून देणाऱ्या चांगल्या कारागिराशी करार करा. बूट दुरुस्तीला आणून देणारा आणि न्यायला येणारा माणूस दोनदा दुकानात येतो, आणि दोन्ही वेळा त्याला मोजे लागतात! हॅटचेही तसेच. फेल्टची हॅट वाफेवर धरून माथ्याची घडी आणि कड हवी तशी वळवून देणे हे कसब ज्या दुकानात असते, तिथे माणूस दूरवरून गाडी चालवत येतो. हॅटवर छापलेल्या X या खुणांच्या संख्येवरून मात्र दर्जा सांगू नका. त्या खुणेला सर्व उत्पादकांना बांधील असे एकच मानक नाही.

कार्डाविषयी: घेऊ नका. त्या पैशांत चामडे ताणण्याचे यंत्र आणि हॅटसाठी वाफेचे यंत्र घ्या.

प्रतिसाद: कोरडा_पाऊस

वरचे सगळे पटले, पण एक धोका कोणी लिहिला नाही. 20 एप्रिल 2020 रोजी डब्ल्यूटीआय या अमेरिकी प्रमाण कच्च्या तेलाचा वायदा-भाव शून्याच्याही खाली बंद झाला होता. असे वर्ष आले की कंपन्यांची व्हाउचर सर्वांत आधी थांबतात, आणि कामगार नाराज होऊन नव्हे, तर नोकरी गेली म्हणून गाव सोडून जातो. त्याच्या निष्ठेला तुम्ही कितीही जपले तरी तो तिथे नसतो. गुरे पाळणारे कुटुंब मात्र हलत नाही. म्हणून भरभराटीच्या काळात वेस्टर्न बाजूची जागा कापून तिथे कामाचे कपडे लावण्याचा मोह टाळा. इतक्या वर्षांचे हिशेब तुमच्याकडेच आहेत. दोन्ही बाजूंची विक्री वेगळी काढून 2015-16 आणि 2020 ही तेलाच्या मंदीची वर्षे पाहा, आणि दुकानाची किंमत त्यानंतरच ठरवा.

प्रतिसाद: दावणीला_बांधलेला

मी दुकानदार नाही, कोलोरॅडोच्या पूर्व भागात राहणारा गिऱ्हाईक आहे. माझ्या मुली फोर-एच आणि एफएफए या मुलांच्या संघटनांत आहेत. एफएफए 1928 पासून शाळकरी मुलांना शेती शिकवते, आणि काउंटीच्या जनावरांच्या प्रदर्शनात ही मुले स्वतः वाढवलेली डुकरे, मेंढ्या, वासरे घेऊन उतरतात. आमच्या गावचा बूटवाला दरवर्षी तिथल्या लिलावात एखाद्या मुलाच्या जनावरावर बोली लावतो. त्याची पाटी मैदानावर कुठेही मोठी नसते, पण रिंगणाभोवती बसलेले प्रत्येक कुटुंब बोली कोणी लावली हे पाहत असते. प्रदर्शनाच्या आदल्या आठवड्यात तो मुलांच्या बुटांची सगळी मापे भरून ठेवतो, आणि वाढत्या पायाचे जुने बूट घेऊन नव्यांत थोडी सूट देतो. ते जुने बूट पुढे लहान भावंडांच्या घरी जातात. आमच्या घरात तरी दुसऱ्या दुकानाचा विचार होत नाही.

धागाकर्ता: माळावरचा_हिशेबनीस

सर्वांचे मनापासून आभार. कार्डाचा विचार सोडून दिला आहे. कोरडा_पाऊस यांनी सुचवल्याप्रमाणे दोन बाजूंचे हिशेब वेगळे काढले; त्यांचा अंदाज बरोबर निघाला, पडत्या वर्षांत वेस्टर्न बाजूने दुकान तगवले आहे. आता प्रश्न उरतो तो मालकांच्या जाण्याचा. मापे घेण्याचे आणि हॅटला आकार देण्याचे काम ते आणि एक जुन्या विक्रेत्या बाई असे दोघेच करतात. खरेदीच्या करारात याची काही सोय करता येते का?

प्रतिसाद: चवडा_आणि_टाच

करता येते, आणि केलीच पाहिजे. मालकांनी ठरावीक काळ पगारावर दुकानात यावे, ओळखीच्या कुटुंबांशी आणि कंपन्यांच्या खरेदी-अधिकाऱ्यांशी तुमची समक्ष गाठ घालून द्यावी, ही अट लेखी घाला. किमतीचा काही भाग त्या काळानंतर देण्याचे ठरवा. वकील तिथलाच घ्या.

त्याहून महत्त्वाच्या त्या बाई आहेत. करारावर सही करण्यापूर्वी त्यांच्याशी बोला, त्यांचा पगार वाढवा आणि तो विक्रीच्या टक्केवारीवर ठेवू नका, कारण टक्केवारीवरचा विक्रेता नेमके माप नसताना जवळचे माप गळ्यात मारतो. त्यांच्याकडून गिऱ्हाइकांच्या मापांची नोंद करून घ्या: नाव, दोन्ही पायांची मापे, रुंदी, कोणता बूट बसला, कोणता परत आला. तुम्ही स्वतःही शनिवारी त्यांच्या शेजारी बसून मापे घ्यायला शिका. त्या नाही म्हणाल्या, तर दुकानाची किंमत पुन्हा बोला.

धागाकर्ता: माळावरचा_हिशेबनीस

त्यांच्याशी आजच बोललो. राहायला तयार आहेत, अट एकच घातली आहे: अरुंद रुंदीतले बायकांचे बूट मालक कधी मागवू देत नसत, ते मागवायचे. यादी त्यांच्याकडे तयारच होती.