रोहिणी खाडिलकरांचं नाव हवंच
भारतीय महिला बुद्धिबळावरच्या वरच्या लेखात दिव्या देशमुखने २०२५चा महिला विश्वचषक जिंकला त्याबद्दल भरभरून लिहिलंय, ते योग्यच. पण ही वाट ज्यांनी आधी मोकळी केली त्या रोहिणी खाडिलकरांचा उल्लेख कुठेच नाही, याची चुटपुट लागली. १९७६ साली, अवघ्या १३व्या वर्षी त्या पुरुषांच्या राष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धेत उतरल्या आणि केवढा गदारोळ झाला! वडिलांनी प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत नेलं. शेवटी फिडेचे, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाचे, तेव्हाचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनीच स्पष्ट केलं, की महिलांना अशा स्पर्धांतून वगळता येणार नाही. रोहिणीताईंची महिलांमधली पाच राष्ट्रीय विजेतेपदं आहेतच, पण मला सर्वांत भावते ती १९८१ची हैदराबादची आशियाई महिला स्पर्धा. १२ पैकी ११.५ गुण, म्हणजे फक्त एक बरोबरी, बाकी सगळे डाव खिशात. आणि १९७४ची पहिलीवहिली महिला राष्ट्रीय स्पर्धा जिंकणाऱ्या त्यांच्या थोरल्या बहिणीवर, वासंतीताईंवर, कुणीतरी सविस्तर लिहाच.