शब्दचर्चा: 'फ्रेमवर्क'ला आराखडा, चौकट की सांगाडा?

प्रश्न : २०२५चं रसायनशास्त्राचं नोबेल किटागावा, रॉबसन आणि याघी यांना 'मेटल-ऑरगॅनिक फ्रेमवर्क'साठी (एमओएफ) मिळालं. हे पदार्थ रासायनिक संवेदक म्हणून कसे वापरतात, यावर लेख लिहितेय. मसुद्यात 'सच्छिद्र धातु-सेंद्रिय आराखडे' लिहिलंय, पण वाचताना नगररचना खात्याचं परिपत्रक वाटतं. दुसरं काही सुचतंय?

–  आराखडा कागदावर असतो, हे तर प्रत्यक्ष उभं असतं. चौकट?

–  चौकट सपाट. आणि 'सेंद्रिय' म्हटलं की हल्ली गूळच आठवतो! दहावीच्या पुस्तकात 'कार्बनी संयुगे' असा धडा आहे, तेव्हा धातु-कार्बनी म्हणा.

–  माझं मत 'सांगाडा'. धातूचे आयन हे सांधे, कार्बनी रेणू हे दांडे, आणि खरी कसोटी आतलं सगळं निघून गेल्यावर उभं राहण्याची. रॉबसन यांनी १९८९मध्ये तांब्याचे आयन घेऊन अशी रचना जुळवली, पण ती सहज ढासळायची. किटागावांनी १९९७मध्ये दाखवलेल्या रचनेतून पाणी काढून वायू भरले तरी तिचा आकार बदलला नाही. याघींचा १९९९चा एमओएफ-५ तर रिकामा असतानाही ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तग धरतो. 'जाळी' म्हणावं, तर त्या शब्दात हे येत नाही, नुसतं गाळणं येतं.

–  सांगाडा म्हणजे हाडं डोळ्यांपुढे येतात हो.

–  बांधकामावर आरसीसीचाही सांगाडाच म्हणतात की.

–  जाता जाता: 'सच्छिद्र' म्हणजे सत् + छिद्र नव्हे, स + छिद्र. 'परिच्छेद'मध्ये येतो तोच च् इथे येतो. शब्द मात्र चपखल नाही. छिद्र आरपार असतं. इथे पोकळ्या आहेत, खिडक्यांनी एकमेकींना जोडलेल्या.

प्रश्नकर्ती : आणि 'संवेदन'? रेणू पोकळीत शिरला एवढ्याला संवेदन म्हणायचं का?

–  नाही. शिरल्याचं बाहेर कळलं पाहिजे. एचकेयूएसटी-१ हा तांब्याचा सांगाडा घ्या (नाव म्हणजे हाँगकाँगच्या विज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नावाचं लघुरूप). तापवून तांब्यावरचं पाणी घालवलं की तो गडद जांभळट निळा होतो, हवेतली ओल लागली की पुन्हा फिका. मोरचूद तापवला की पांढरा पडतो, त्याच्या उलट वाटतं, पण कारण त्याच जातीचं: तांब्याभोवतीचे शेजारी बदलतात. दुसरा प्रकार चकाकणाऱ्या, म्हणजे प्रकाश टाकला की स्वतः उजळणाऱ्या (फ्लुओरेसंट) सांगाड्यांचा. पिक्रिक आम्लासारखे नायट्रो गट (बऱ्याच स्फोटकांत असतो तो नायट्रोजन-ऑक्सिजनचा गट) असलेले रेणू इलेक्ट्रॉन ओढून घेतात आणि चकाकी मंदावते. म्हणून अशा सांगाड्यांकडे स्फोटकं हेरण्याच्या दृष्टीने पाहिलं जातं.

प्रश्नकर्ती : ठरलं, 'धातु-कार्बनी सांगाडे'. संपादक 'संवेदक' काढून 'सेन्सर' करा म्हणताहेत.

–  करा, मोबाइल दुरुस्त करणाराही तेच म्हणतो. 'संवेदनक्षमता' आणि 'निवडकता' मात्र मराठीत ठेवा, आणि त्यांची गल्लत करू नका. पहिली म्हणजे प्रमाण जरासं बदललं की सेन्सरची खूण किती बदलते, दुसरी म्हणजे नेमका कोण आलाय ते कळतं का. वरचा तांब्याचा पदार्थ दुसऱ्या परीक्षेत कच्चा: पाण्याच्या जागेवर अमोनियाही येऊन बसतो.