ब्यू बायडन: पदावर असताना युद्धावर जाणं बरोबर होतं का?

रानवाट
ब्यू बायडन म्हटलं की लोकांना आठवतो तो अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जो बायडन यांचा मुलगा, २०१५ मध्ये ४६व्या वर्षी मेंदूच्या कर्करोगाने गेलेला. मला मात्र त्याची कारकीर्दच मोलाची वाटते. सिराक्यूजमधून वकिलीची पदवी, मग फिलाडेल्फियात केंद्राच्या सरकारी वकिलांच्या कचेरीत काम, आणि २००३ मध्ये चौतिशीत डेलावेअर राज्याच्या आर्मी नॅशनल गार्डमध्ये, म्हणजे राखीव सैन्यात, सैन्याचा वकील म्हणून भरती. २००६ मध्ये तो राज्याचा ॲटर्नी जनरल, म्हणजे मुख्य सरकारी वकील, निवडून आला.

दोनच वर्षांत तुकडीला इराकचा हुकूम आला. २ ऑक्टोबर २००८च्या रात्री वडिलांची उपराष्ट्रपतिपदाच्या उमेदवारांची वादसभा झाली आणि दुसऱ्याच दिवशी डोव्हरमध्ये मुलाच्या तुकडीला निरोप. पद न सोडता तो गेला. हुकूम सगळ्यांना असताना एकट्याने 'मी निवडून आलोय' म्हणून मागे राहायचं, हे त्याला जमलं नसतं. मला तो निर्णय पूर्ण पटतो.

कोरा कागद
मला अजिबात पटत नाही. त्याच्या धैर्याबद्दल शंका नाही, प्रश्न पदाचा आहे. डेलावेअरमध्ये जिल्ह्याजिल्ह्याला वेगळे निवडून आलेले सरकारी वकील नसतात. चोरीपासून खुनापर्यंत राज्यातले फौजदारी खटले ॲटर्नी जनरलच्याच खात्याकडे. असा माणूस सप्टेंबर २००९ पर्यंत परदेशात आणि रोजचा कारभार सहायकांच्या हाती! मतदारांनी सहायकांना मत दिलं नव्हतं.

ल्यूइस गावच्या बालरोगतज्ज्ञाचं प्रकरण आठवा. लहान मुलांवर अत्याचार करणाऱ्या या डॉक्टरची तक्रार २००५ पासून होती. २००८च्या अखेरीस पोलिसांनी झडतीचं वॉरंट मागितलं, ते न्यायाधीशांनी नाकारलं. अटक झाली थेट डिसेंबर २००९ मध्ये. दोष ब्यूचा होता असं मी म्हणत नाही, पण वॉरंट नाकारल्यावर 'आता पुढे काय' हे विचारायला खात्याचा प्रमुख जागेवर नको का? माझी बहीण बालकल्याण समितीवर काम करते. अशा प्रकरणात एकेक महिना म्हणजे काय, ते मी घरात ऐकलंय.

रानवाट
तुमची चीड समजते. पण परत आल्यावर त्याने काय केलं तेही बघा. वडिलांची सिनेटची जागा २०१० मध्ये निवडणुकीला होती. तो उभा राहणार असं सगळे धरून चालले होते. जानेवारीत त्याने नाही म्हणून सांगितलं, आणि कारण दिलं याच खटल्याचं. १०३ मुलांशी संबंधित आरोपपत्र, २०११ मध्ये दोषसिद्धी, १४ जन्मठेपा आणि वर १६४ वर्षं. सिनेट सोडून हा खटला हाती घेणारा माणूस पदाला कमी लेखत होता, हे मी मानणार नाही.

सांजवारा
दोघांनीही एक बाजू सोडली आहे. ब्यूच्याच खात्याने चालवलेल्या एका खटल्यात बड्या घराण्यातल्या माणसाला स्वतःच्या चिमुकल्या मुलीवरच्या अत्याचारासाठी तुरुंगवास न होता नुसती देखरेखीखाली सुटका मिळाली. शिक्षा २००९ची, पण गुन्हा कबूल करण्याची तडजोड जून २००८ची. तेव्हा ब्यू इराकला गेलेलाच नव्हता! २०१४ मध्ये हे उघड झाल्यावर पुरावा कमकुवत होता असा बचाव त्याने केला. माझं मन त्याने शांत झालं नाही. त्यामुळे इराकमध्ये काही महिने होता की नव्हता, यावर कारकीर्द तोलू नका. तो खुर्चीत असतानाही खातं चुकलं.

आणि चांगलंही तिथूनच झालं. घरकर्जांच्या घोटाळ्यात बँकांशी घाईने समझोता करायला तो सुरुवातीला तयार नव्हता. २०११ मध्ये कर्जनोंदी ठेवणाऱ्या बँकांच्या सामाईक कंपनीवर त्याने खटला भरला. तुमच्या चर्चेत हे कुठेच नाही.

कोरा कागद
सांजवारा, तडजोडीची तारीख माझ्या लक्षात नव्हती. ते प्रकरण मी त्याच्या गैरहजेरीतलं धरत होते, आता धरणार नाही.

मूळ मुद्दा मात्र सोडत नाही. आपल्याकडे सचिन पायलट २०१२ मध्ये केंद्रात मंत्री असताना प्रादेशिक सेनेत अधिकारी झाले. अशा माणसाला वर्षभर आघाडीवर जावं लागलं तर खातं कोणाकडे, हे आधी ठरलेलं हवं. ब्यूने राजीनामा देऊन जायला हवं होतं. परत येऊन पुन्हा उभा राहिला असता, तर डेलावेअरने त्याला निवडून दिलंच असतं.

रानवाट
राजीनामा दिला असता तर २०१० मध्ये तो खटला त्याच्या हाती असता का?