अमेरिकेतल्या ताईला भारतातून मूल दत्तक घ्यायचंय, खर्चाबद्दल मदत हवी आहे

नमस्कार. मी ठाण्यात नौपाड्यात राहते. ताई-भावोजी न्यू जर्सीत असतात, दोघांकडे ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) आहे. ताई ४४, भावोजी ४७, म्हणजे वयांची बेरीज ९१. २०२२च्या नियमांनुसार दोन ते चार वर्षांच्या मुलासाठी बेरीज ९०च्या आत लागते. एका वर्षाने हुकलं! आता चार ते आठ वयोगटातलं मूल मिळू शकेल. ताई लगेच म्हणाली, "चालेल गं, पहिलीचं दप्तर घेऊ."

नोंदणी 'कारा'च्या (दत्तक प्रक्रिया पाहणारी केंद्र सरकारची संस्था) पोर्टलवर अमेरिकेतल्या मान्यताप्राप्त एजन्सीमार्फतच करायची, गृहभेटीचा अहवाल तीच देणार, हे कळलंय. इथल्या संस्थेला ५००० डॉलर द्यायचे, तेही माहीत आहे. पण तिथल्या एजन्सीची फी, कागदपत्रांचं अपॉस्टिल (परदेशात चालण्यासाठीचं प्रमाणीकरण), व्हिसा, विमानाची तिकिटं हे सगळं धरून तुमचा एकूण खर्च किती झाला? जिल्हाधिकाऱ्यांच्या दत्तक-आदेशानंतर मुलाचा पासपोर्ट येईपर्यंत किती दिवस इथे राहावं लागलं? पुढची दोन वर्षं मूल कसं रुळतंय याचे पाठपुरावा अहवाल असतात, त्यांचे पैसे वेगळे घेतात का?

ओळखीच्या एकाने "नर्सिंग होममधून परस्पर करून देतो" असं सुचवलं. तो गुन्हा आहे, त्या वाटेला आम्ही जाणार नाही. कृपया तसे नंबर पाठवू नका.

आईने चांदीचे वाळे केव्हाच काढून पुसून ठेवलेत. सात वर्षांच्या मुलाला ते होणार नाहीत, हे तिला अजून सांगितलेलं नाही.

ठाणे, नवी मुंबईतलं कुणी यातून गेलं असेल तर प्लीज लिहा.