मदत हवी आहे : नेपाळी खलाशांना खोली नाकारण्याविरुद्ध ठराव

मंडळी, १ ऑगस्टला मासेमारी बंदी उठली की बोटींवर नेपाळी खलाशी येतात, पुढे आंब्याच्या बागांत राखणीलाही. खोली विचारली की ‘कालच दिली हो’. हाक मात्र सगळ्यांना एकच, ‘बहादूर’. रत्नागिरीजवळच्या गावात ग्रामसभेत ठराव आणायचाय.

घोळ असा : घटनेचं कलम १५ (भेदभावबंदी) ‘नागरिकां’पुरतं. नेपाळी माणसाला कलम १४ (कायद्यापुढे समानता) लागू, पण ते सरकारविरुद्ध, घरमालकाविरुद्ध नाही.

नुसत्या ठरावाचं काय होतं ते आपल्या महाडला विचारा. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा मुंबई विधिमंडळातला बोले ठराव १९२३ चा, १९२४ ला नगरपालिकेने चवदार तळं खुलं केलं, तरी पाण्याला हात लागला १९२७ ला, आंबेडकरांच्या सत्याग्रहात. तळ्याबद्दलचा हायकोर्टाचा निकाल तर १९३७ चा. ब्रिटनचा १९६५ चा वंशभेदविरोधी कायदाही मुख्यतः हॉटेलं, सार्वजनिक जागांपुरता. घरभाडं, नोकरी त्यात आली १९६८ ला.

म्हणून विचारतो : खोली नाकारली तर कारण लेखी द्यावं, ही अट टिकेल का? तक्रार ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीचा ग्रामसेवक) की तंटामुक्ती समितीकडे? दंड जमणार नसेल, तर बोटमालकानेच जामीन राहावं असं कलम कुणी घातलंय का? प्रत्यक्ष अमलात आलेला मसुदा असेल तर कृपया टाका.